व्हायोलिनचा नाद आणि त्याची नक्कल

इटलीतील क्रेमोना शहरात 2019 च्या जानेवारीपासून पाच आठवडे एक विलक्षण बंदोबस्त होता. स्त्रादिवारी, ग्वार्नेरी व अमाती या कारागिरांची चार वाद्ये तेथील व्हायोलिन संग्रहालयात ध्वनिमुद्रित व्हावयाची होती, आणि 32 मायक्रोफोनांत मोटारीची घरघर वा टाचांची टकटक शिरू नये म्हणून नगराध्यक्षांनी भोवतालचे रस्ते वाहनांना बंद करून नागरिकांस शांततेची विनंती केली होती. चाकणच्या तळेगाव चौकात असा हुकूम बजावण्याची हिंमत कोणता अधिकारी करील, हा प्रश्न अलाहिदा! तथापि एवढ्या खटाटोपाने त्या वाद्यांचा नाद हाती लागला काय, असे कोणी विचारल्यास माझे उत्तर नकारार्थी आहे.

व्हायोलिनचे खालचे स्वर चहूकडे जवळजवळ सारखे पसरतात. परंतु सुमारे 1000 हर्ट्झच्या वरचे ध्वनिघटक स्वरागणिक दिशा पालटतात, आणि बोटाच्या कंपनाने तर हा पालट क्षणोक्षणी घडतो. भिंती-छतावरून परतलेले हे घटक दोन्ही कानांशी एकत्र आले म्हणजे जी झळाळी भासते, तिच्याकडे गॅब्रिएल वाइनराइख या भौतिकशास्त्रज्ञाने 1997 साली लक्ष वेधले. मायक्रोफोन एका बिंदूवरचे टिपतो आणि ध्वनिवर्धक ते सारे ठरीव दिशांनीच फेकतो. झळाळी उरावी कशी?

2010 साली इंडियानापोलिस येथे डोळ्यांवर गडद चष्मे चढवून 21 वादकांच्या हाती जुनी-नवी व्हायोलिने दिली असता बहुतेकांना जुने कोणते हे ओळखता आले नाही, हे खरे; पण त्याने जुन्याची प्रतिष्ठा फार तर उणावते, ध्वनिमुद्रणाची पात्रता वाढत नाही.

ध्वनिमुद्रण निरर्थक आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. गीतरामायणात सुधीर फडके यांना साथ करणारे प्रभाकर जोग यांच्या ‘गाणारे व्हायोलिन’ या ध्वनिमुद्रिकांत गजाचा दाब, मींड, गायकाने श्वास घ्यावा तशी विश्रांती, सारे इतके शाबूत आहे की गीताचे शब्द आपोआप ओठांवर येतात. ती वादकाची मालमत्ता, ती पोचते. वाद्याची मालमत्ता वाटेत गहाळ होते.

आपल्याकडील अडचण याहून मूळची आहे. चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह असो की प्राधिकरणातील ग. दि. माडगूळकर नाट्यगृह, वादक समक्ष बसलेला असतानाही सहसा आपल्या पदरी पडतो तो ध्वनिवर्धकातून आलेला आवाज, म्हणजे नक्कलच. आणि ज्याने अस्सल कधी ऐकले नाही त्याने नकलेची पारख कशी करावी? मोटारीच्या दाराच्या आवाजातील बारीकसा दोष हुडकून काढणारे अभियंते ज्या पट्ट्यात राहतात, तेथे श्रोत्यांचे कान मंद आहेत ही सबब चालणार नाही.

पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या सांस्कृतिक कारभाऱ्यांस माझी शिफारस एवढीच, की वर्षातून एक व्हायोलिनवादन तरी लहान दालनात, शंभरेक श्रोत्यांपुरते, मायक्रोफोनास सक्त मनाई करून ठेवावे. त्यासाठी स्त्रादिवारी मागविण्याची तसदी नको. कोणतेही चांगले व्हायोलिन चालेल, आणि दिवस थंडीचे निवडले तर पंखे बंद ठेवणेही कोणास जड जाणार नाही.