लग्न झालंय का?

माझ्या केमोच्या फाइलच्या पहिल्या पानावर एक रकाना आहे : वैवाहिक स्थिती. तिथे 'अविवाहित' लिहिलं गेलं आणि पुढचा एक प्रश्न मला कुणी विचारलाच नाही.

स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं तेव्हा मी 33 वर्षांची होते, हिंजवडीत फेज टूमध्ये नोकरी करत होते. ऑपरेशनची जखम भरेपर्यंत केमो सुरू होणार नव्हती. मधले तीन आठवडे मी मोबाइलवर विगच्या किमती बघण्यात घालवले. स्त्रीबीजं गोठवायला, म्हणजे एग फ्रीझिंगला, साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. ते दिवस माझ्याकडे होते. केमो संपली, पाळी परत आलीच नाही. तेव्हा विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "तुमचं लग्न झालं नव्हतं, म्हणून तो विषय काढला नाही."

त्यांनी माझा जीव वाचवला, ते मी विसरणार नाही. माझा राग आहे तो आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेल्या क्रमावर : आधी लग्न, मग मूल, लग्न नाही तर मुलाचा विषयच नाही. शरीराला हा क्रम माहीत नसतो. बाई स्त्रीबीजांचा साठा जन्मतःच घेऊन येते. सायक्लोफॉस्फमाइडसारखं औषध तो साठा कमी करतं, मंगळसूत्र बघून थांबत नाही.

कायदासुद्धा हा क्रम मानत नाही. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाच्या 2021 च्या कायद्यात एकट्या बाईला उपचार घेता येतात. स्त्रीबीजं दहा वर्षांपर्यंत साठवता येतात. कायद्याने न घातलेली अट आपण दवाखान्यात घालतो.

हार्मोनच्या इंजेक्शनांनी कॅन्सर वाढेल, ही भीती खरी वाटते. म्हणूनच सोबत लेट्रोझोल देऊन इस्ट्रोजेन खाली ठेवतात. पाळीची वाट न बघता इंजेक्शनं सुरू करता येतात. हार्मोनवर वाढणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरच्या 500 हून जास्त बायकांचा एक अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी गरोदर राहण्यासाठी गोळ्या काही काळ थांबवल्या होत्या. सुमारे 41 महिन्यांच्या पाहणीत त्यांच्यात कॅन्सर उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. प्रत्येकीला हे लागू होईल असं नाही. पण ते ठरवायला आधी बोलायला तर हवं!

पुण्यातलीच 2018 ची बातमी आठवते? ब्रेन ट्यूमरने गेलेल्या तरुण मुलाच्या गोठवलेल्या वीर्यापासून, सरोगसीने, त्याच्या आईने जुळी नातवंडं मिळवली. ते योग्य की अयोग्य यावर आपण भरपूर वाद घातला. एका गोष्टीकडे मात्र कुणी पाहिलं नाही : तो मुलगा अविवाहित होता, जर्मनीत शिकत होता आणि केमोआधी तिथल्या डॉक्टरांनी त्याला वीर्य गोठवून ठेवायला सांगितलं होतं. तो इथेच असता तर कुणी सांगितलं असतं का?

मग येतो पैसा. एग फ्रीझिंगचा खर्च लाखाच्या पुढे जातो. विमा नियामकाने 2019 मध्ये वगळण्याच्या बाबींची ठरावीक यादी केली, त्यात 17 व्या क्रमांकावर वंध्यत्व आहे. उलटी थांबवायचं औषध उपचारात धरलं जातं, कारण उलटी केमोमुळे होते. माझं वंध्यत्वही केमोमुळेच आलं. मग ते माझी हौस कसं ठरतं? हिंजवडीतल्या कंपन्या ग्रुप पॉलिसी दरवर्षी नव्याने ठरवतात. एचआरला हे एक कलम मागून घेता येईल. आणि आमच्या मजल्यावर झाडलोट करणाऱ्या मावशींच्या मुलीचं काय? महात्मा फुले योजनेतून केमो मिळते, तिलाच जोडून हा खर्चही मिळायला हवा.

"जीव वाचला हे काय कमी आहे?" असं मला खूप जणांनी ऐकवलंय. कमी नाहीच. पण जीव वाचवतात तो पुढे जगायला ना? "मग दत्तक घे" म्हणणाऱ्यांनी 2022 ची दत्तक नियमावली वाचावी. पालकाला जिवावर बेतणारा आजार नसावा, अशी अट तिथे आहे. कॅन्सर होऊन गेलेल्या बाईला आधी स्वतःची तब्येत सिद्ध करावी लागते. दत्तक घेणं हा सुंदर निर्णय आहे, पण तो निर्णय असावा, सांत्वनाला दिलेलं बक्षीस नसावं.

तुमच्या ग्रुपमधल्या कुणाला उद्या कॅन्सर निघाला तर "तू फायटर आहेस" हे नंतर लिहा. पहिल्या केमोच्या आधी फोन करा आणि विचारा : डॉक्टरांशी याबद्दल बोललीस का, बोललास का?

आणि तो रकाना बदला. 'पुढे मूल हवं आहे का?' असं छापा. खाली तीन चौकोन द्या : हो, नाही, अजून माहीत नाही.

मी तिसऱ्यावर खूण केली असती.