आजीच्या हनुवटीवर धूळ नव्हती

पंढरपूरच्या आमच्या घरात गेल्या वर्षी आजीचा मोठा फोटो लागला. १९७४ च्या कार्तिकीला थोरल्या काकांनी चंद्रभागेच्या वाळवंटात काढलेला, मागे पुंडलिकाचं देऊळ. निगेटिव्हवर आडवा चरा होता. चुलतभावाने ती मोबाइलच्या पांढऱ्या स्क्रीनवर ठेवली, दुसऱ्या मोबाइलने फोटो काढला आणि एआय ॲपकडून ‘स्वच्छ’ करून घेतला. आत्या फोटोसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “ही कोण रे?”

हनुवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपके गायब होते. चरा नेमका तिथून गेला होता, ॲपने तिथे गुळगुळीत कातडी भरली. कपाळावरचा बुक्का डाग समजून पुसला.

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, म्हणून जरा जास्तच चिडलोय. ‘आत्ता कसंही डिजिटल करून टाक, नंतर सॉफ्टवेअर बघून घेईल’ ही थाप आमच्याच धंद्यातली. सॉफ्टवेअर बघत नाही, अंदाज बांधतं. लाखो चेहऱ्यांवरून इथे साधारण काय असतं ते ठरवतं, आणि साधारण हनुवटीवर गोंदण नसतं. स्कॅनरमधली धूळ शोधणारी इन्फ्रारेडची सोयही इथे कामाची नाही. ती रंगीत फिल्मसाठी आहे. कृष्णधवल फिल्ममधली चांदी इन्फ्रारेडसुद्धा अडवते, त्यामुळे चित्र कुठलं आणि चरा कुठला हे यंत्राला कळत नाही.

मग उपाय? चरा स्कॅन होण्याआधीच भरायचा. फिल्मच्या पाठीवर, म्हणजे चकचकीत बाजूला, ओरखडा असेल तर तिथे नुसती खाच असते. चित्र दुसऱ्या बाजूच्या थरात शाबूत असतं. खाचेत हवा असल्यामुळे प्रकाश वाकतो आणि रेघ दिसते. प्रकाश जवळपास फिल्मइतकाच वाकवणारा द्रव खाचेत भरला की प्रकाश सरळ जातो, रेघ विरते. वाळवंटातला पांढुरका दगड ओला झाल्यावर त्याचा खरा रंग उघडतो, तसंच काहीसं.

माझ्याकडे जुना एप्सन व्ही ६०० आहे. स्कॅनरच्या स्वतःच्या काचेवर द्रव ओतायचा नाही, तो कडेने आत झिरपतो. वेगळी काच घ्यायची, तिच्यावर स्कॅनिंगचा द्रव, मग निगेटिव्ह, पुन्हा थोडा द्रव, वरून पारदर्शक पॉलिस्टर फिल्म, आणि बुडबुडे हलक्या हाताने कडेला सारायचे. पोक काढलेली १२० ची फिल्म सपाट बसते. कोरडी फिल्म काचेला टेकल्यावर उठणारी, तेलाच्या तवंगासारखी वर्तुळंही जातात. पाणी वापरू नका, जिलेटिनचा थर फुगतो. एका काकांनी खोबरेल सुचवलं होतं. नको. हे द्रव भुरकन पेटतात, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि देवघरातल्या समईपासून लांब बसा. फिल्मला व्हिनेगरचा वास येत असेल, तर ती सडू लागलीय. तिच्यावर शिकाऊ हात चालवू नका.

चुलतभावाचा हिशोब असा: डब्यात चारशे निगेटिव्ह, एकीला वीस मिनिटं, म्हणजे तू ठार वेडा. हिशोब बरोबर आहे. मीही सगळ्या ओल्या करत नाही. आधी सगळ्यांचं कोरडं स्कॅन, मग चरे पडलेल्या आणि माणसं असलेल्या तेवढ्या वेगळ्या काढतो. ओल्या स्कॅनने दुप्पट तपशील मिळतो म्हणणाऱ्या हौशी मंडळींवरही माझा विश्वास नाही. या स्कॅनरच्या खोक्यावर ६४०० डीपीआय छापलंय, त्याच्या निम्मंसुद्धा हाती येत नाही. मला मेगापिक्सल नकोत, ठिपके हवेत.

माझं खरं भांडण पुढच्या पायरीशी आहे. स्कॅन झालं, आता कशाला हा कचरा, म्हणून डबा भंगारात जातो. एका दुकानदाराने मला हाच सल्ला दिला, तोही फुकट. निगेटिव्ह गेली की ॲपची आजी हीच आजी. आत्याला फरक कळला, कारण तिने ती हनुवटी पाहिलीय. तिच्या नातवाला कसा कळणार?

आजीची निगेटिव्ह मी दिवाळीत ओली केली. तीन ठिपके आले, बुक्का आला. कानाजवळ मात्र ओरखडा चित्राच्या थरातच गेलाय. तिथली चांदीच खरवडली गेलीय, त्याला द्रवाचा इलाज नाही. तेवढी रेघ मी तशीच ठेवली आणि फ्रेम बदलली. चुलतभाऊ म्हणतो, “अरे, रेघ दिसतेय अजून.”

दिसतेय.