काटकुळ्या कामगाराचा मधुमेह

दिघीतून चाकणच्या कंपनीच्या बसमध्ये चढणारे दोन कामगार डोळ्यांसमोर आणा. वय पस्तिशीचे, पाळी एकच, डबाही जवळपास सारखा. एकाचे पोट सुटलेले, तरी साखर ठीक. दुसरा काटकुळा, पण उपाशीपोटी साखर अडीचशे! सल्ला मात्र त्यालाही ठरलेलाच मिळतो : वजन उतरवा, भात सोडा. उतरवायला वजन आहे कुठे?

फरक स्वादुपिंडात असू शकतो. 1869 मध्ये पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याला तिथे पेशींचे वेगळे पुंजके दिसले. तीच ‘लँगरहान्सची बेटे’. माणसात ती सुमारे दहा लाख असतात आणि त्यांतल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. मृत दात्यांची बेटे प्रयोगशाळेत ठेवून सारखीच साखर दिली, तरी एकाची भरभरून इन्सुलिन सोडतात, दुसऱ्याची जेमतेम. आणि हे दोघांनाही मधुमेह नसताना. वय, वजन, आनुवंशिकता, अवयव काढल्यापासून गेलेला वेळ, साऱ्याचा त्यात वाटा असतो. कॅनडातील एडमंटनमध्ये 2000 साली सात रुग्णांवर बेटांचे प्रत्यारोपण यशस्वी झाले, पण प्रत्येकाला एकाहून अधिक दात्यांची बेटे द्यावी लागली.

असे दाते बहुतेक युरोप-अमेरिकेतले. भारतीयांच्या बेटांचा अंदाज आडवाटेनेच घ्यावा लागतो आणि त्यात पुण्याचे काम मोलाचे आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5. स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. पुढे, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुण्यातील तरुण मधुमेहींमध्ये सर्वांत मोठा गट निघाला तो इन्सुलिनच कमी पडणाऱ्यांचा.

अशा रुग्णाला नुसते पथ्य सांगून सहा महिन्यांनी बोलावणे धोक्याचे आहे. स्वतःचे इन्सुलिन किती तयार होते, हे सी-पेप्टाइड या रक्ततपासणीतून कळते. नेहमीच्या साखर तपासणीत ती येत नाही, वेगळी सांगावी लागते. साखर फार चढलेली असताना तिचा आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून कधी ती पुन्हा करावी लागते. मात्र तहान, लघवी वाढून वजन घटत असेल, तर सुट्टीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. इन्सुलिन तेव्हाच सुरू करावे लागू शकते.