बँकेने कर्ज दिले म्हणजे घर निर्धोक झाले काय?

अलिबाग, पेण, मुरूड, उरण या पट्ट्यात आता जागोजागी इमारती उठत आहेत. थळच्या खत कारखान्यात, न्हावा-शेवा बंदरात, शाळा-कचेऱ्यांत नोकरी करणारी आमची माणसे भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून, प्रसंगी घरातले सोने मोडून फ्लॅट घेत आहेत. भाड्याच्या खोलीत ज्यांचा जन्म गेला त्यांच्या दारावर स्वतःच्या नावाची पाटी लागावी, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु कागदपत्रे तपासलीत का, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : "बँकेने कर्ज मंजूर केले आहे, म्हणजे कागद चोखच असणार!" आज आम्हाला या समजुतीविषयी लिहायचे आहे.

बँकेचा वकील दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मागचे व्यवहार शोधून अहवाल देतो, हे खरे. पण तो अहवाल बँकेसाठी असतो. बँकेच्या हाती तुमचा पगार असतो, जामीनदार असतो आणि घरही असते. घर कज्ज्यात सापडले तरी हप्ता थांबत नाही. जामीनदाराची जबाबदारीही कर्जदाराइतकीच असते. बँक थेट त्याच्याकडे वसुली मागू शकते. तेव्हा कार्यालयातल्या मित्राची सही घेताना आपण त्याचेही घर पणाला लावतो आहोत, हे ध्यानात ठेवावे.

पहिला प्रश्न जमिनीचा. सातबारा उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग १' आहे की 'वर्ग २', हे आधी पाहावे. वर्ग २ म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन. आपल्या भागात याला मोठा इतिहास आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे कुळांनी खोतांविरुद्ध संप केला. नारायण नागू पाटील यांनी त्याचे नेतृत्व केले, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४८ च्या कुळकायद्याने कसणारा मालक झाला. पण मिळालेली जमीन कोणी फसवून घेऊ नये म्हणून कलम ४३ अन्वये तिच्या विक्रीवर अट आली. २०१४ च्या दुरुस्तीने खरेदीला १० वर्षे झालेल्या जमिनीसाठी आकाराच्या ४० पट नजराणा भरून ही अट सैल होते. महार वतनाच्या जमिनींचेही तसेच. १९५८ च्या कायद्याने वतने गेली, जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या, पण परवानगीवाचून त्यांची विक्री चालत नाही. अशा जमिनीवर इमारत उभी असेल तर नजराणा भरला काय, परवानगीचा आदेश कोठे आहे, हे विचारावे. ज्या अटी आपल्याच लोकांच्या रक्षणासाठी केल्या त्या मोडून उठलेल्या इमारतीत आपण फ्लॅट घ्यावा, हे शोभणारे नाही आणि परवडणारेही नाही.

दुसरा प्रश्न परवानग्यांचा. बिनशेती आदेश, मंजूर नकाशा आणि बांधकाम पुरे झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र, हे तिन्ही कागद लागतात. समुद्राजवळ किनारा नियमनाची आणखी एक अट आहे. १९९१ च्या अधिसूचनेने खेडेगावांच्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवीन बांधकामास बंदी आली. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी हे अंतर ५० मीटर ठेवले. किहीमच्या किनाऱ्यावरील नीरव मोदी यांचा बेकायदा बंगला रायगड जिल्हा प्रशासनाने ८ मार्च २०१९ रोजी सुरुंग लावून पाडला. कोट्यवधींचा बंगला पडला, तेथे वीस लाखांच्या फ्लॅटला कोण विचारतो? फ्लॅट पडला तरी कर्ज मात्र उभेच राहील.

तिसरा प्रश्न बिल्डरचा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ठरल्या मुदतीत ताबा दिला नाही तर व्याजासह पैसे परत मागता येतात. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक स्वतः तपासावा. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या बांधकामाला ही नोंदणी सक्तीची नाही, आणि आपल्या गावांतून अशाच लहान इमारती जास्त. तेथे दुप्पट सावध राहावे.

बिल्डरने ती जमीन अगोदरच दुसऱ्या बँकेकडे गहाण ठेवली असेल तर? सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात बोजा आहे का ते पाहावे. बोजा असल्यास त्या बँकेचे, आपल्या फ्लॅटपुरते ना-हरकत पत्र घेतल्याशिवाय करार करू नये. करार झाल्यानंतर बिल्डरने तो फ्लॅट गहाण टाकला, तर त्या गहाणाने आपल्या हक्काला बाध येत नाही.

चौथा प्रश्न भगिनी अनेकदा विचारतात : घर गहाण म्हणजे मालक बँक झाली काय? नाही. मालक आपणच. बँक मूळ कागद ठेवून घेते, आणि त्याची सूचना ३० दिवसांत निबंधकाकडे नोंदवावी लागते. कर्ज फेडून घर सोडवून घेण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत दिले पाहिजेत, आणि बँकेच्या दोषाने उशीर झाल्यास दर दिवशी ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. कागद आणले की बोजा उतरवून घेण्यास विसरू नये.

हप्ते थकले तर? ९० दिवस थकबाकी राहिली की खाते बुडीत धरले जाते. मग २००२ च्या सरफेसी कायद्याने बँक ६० दिवसांची नोटीस देते. पुष्कळ जण ही नोटीस घाबरून कपाटात ठेवतात. तसे करू नये. लेखी हरकत घ्यावी. बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावेच लागते. बँकेने ताबा घेण्याचे पाऊल उचलले तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. लिलावाची जाहीर सूचना निघण्यापूर्वी सर्व रक्कम भरली तर घर वाचते. नोकरी गेली, आजारपण आले तर पहिला हप्ता चुकण्याआधीच बँकेत जाऊन मुदतवाढीचा अर्ज द्यावा व पोच घ्यावी.

शेवटचा प्रश्न, घर कोणाच्या नावे? १ एप्रिल २०२१ पासून केवळ महिलांच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पती-पत्नी दोघांच्या नावे घेतल्यास ती मिळत नाही. पण सवलतीपेक्षा हक्क मोठा. पत्नीचे नाव करारनाम्यात मालक म्हणून असावे, केवळ कर्जात सहकर्जदार म्हणून नव्हे. नाहीतर हप्ता तिच्याही पगारातून आणि मालकी एकट्याची, असे होते. आपण बौद्ध असलो तरी वारसाच्या बाबतीत १९५६ चा हिंदू वारसा कायदा आपल्यालाही लागू आहे. पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. सोसायटीत नॉमिनी म्हणून ज्याचे नाव असेल तो आपोआप मालक होत नाही. कर्ज वारसांवर येते ते मिळालेल्या मालमत्तेपुरतेच.

इतके सारे पाहण्यासाठी आपला स्वतंत्र वकील लावावा. त्याची फी काही हजार होईल, आणि हप्ता पुढची वीस वर्षे भरायचा आहे. इसार देण्यापूर्वी सातबारा, फेरफार, बिनशेती आदेश व मंजूर नकाशाच्या प्रती मागाव्यात. जो बिल्डर "बँक बघेल, तुम्ही कशाला काळजी करता" असे म्हणून प्रती देण्याचे टाळतो, त्याला इसार देऊ नये.