संहितापूजा आणि वऱ्हाडचा नट

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरी येथे जमलेला लाखोंचा समुदाय ठरल्या क्षणी मौन धरतो. त्या मौनाला संहिता नसते. देह असतात, त्यांची मांडणी असते, वेळेचे काटेकोर भान असते. खंजिरी भजनाचेही तसेच. ताल, आवाजाची चढण, समुदायाकडे वळणारी मान यांवाचून त्या भजनाचा अर्थ पुरा होत नाही. आपल्या मराठी विभागांतून मात्र अभ्यासली जाते ती ग्रामगीता, आणि तीही छापील ओव्यांपुरती. खंजिरी बाहेर ओट्यावर राहिली! हा दोष एकट्या संतसाहित्याच्या अभ्यासाचा असता तर एकवेळ सोडून देता आला असता. प्रयोगातून संहिता तेवढी वेचून घ्यायची आणि उरलेले ‘सादरीकरण’ म्हणून झाडून टाकायचे, ही आपल्या समीक्षेची जुनी खोड आहे. तिचा सर्वांत मोठा बळी नट होय.

मोझरी ज्या जिल्ह्यात आहे त्या अमरावतीचाच दाखला घ्यावा. १९०५ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आणि ‘रणदुंदुभी’ ही नाटके लिहिणारे वीर वामनराव जोशीही अमरावतीचेच. एक अध्यक्ष, दुसरे नाटककार; दोघांनाही इतिहासात हक्काची जागा मिळाली. त्याच अमरावतीत १९०७ साली, म्हणजे यावलीला तुकडोजींचा जन्म होण्याच्या दोन वर्षे आधी, गजानन जागीरदार जन्मले. त्यांच्या वाट्याला आली ती जन्मस्थळाची एक ओळ आणि पाठोपाठ चित्रपटांची जंत्री. प्रादेशिक अभिमानाने त्यांना ‘भूमिपुत्र’ म्हणून मिरवावे आणि समीक्षेने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहू नये, ही वाटणी दोन्ही पक्षांना सोयीची आहे.

प्रभातचा ‘शेजारी’ (१९४१) व्ही. शांताराम यांचा, त्याचे लेखन विश्राम बेडेकरांचे. इथपर्यंत आपली लेखणी सुखाने चालते. जिवबा पाटील आणि मिर्झा हे बुद्धिबळात रमणारे दोन म्हातारे मित्र, धरणाच्या कामापायी त्यांच्यात पडलेली तेढ आणि अखेर दोघांना एकत्र गाठणारा मृत्यू, हेही सांगून होते. मग ‘हिंदू-मुस्लिम ऐक्याचे प्रतीक’ असे लिहून विषय मिटवला जातो. मराठीत जिवबा केशवराव दाते यांनी रंगवला. हिंदी ‘पडोसी’त हिंदू म्हातारा मझहर खान यांनी केला. दोन्हींत मिर्झा जागीरदारांचाच. धर्माची ही अदलाबदल सर्वांना पाठ आहे, पण तिच्यातून उभा राहणारा खरा प्रश्न कुणाला सुचत नाही. भूमिका एक, नट एक. भाषा दोन आणि समोरचे नट दोन. रंगभूमीवर मुरलेल्या दात्यांच्या बोलण्याला उत्तर देताना जागीरदारांचा विराम कुठे पडतो, आणि मझहर खान यांच्या लयीसमोर तो कुठे सरकतो? चौतिशीतला नट म्हातारपण उभे करतो ते दाढीने, पाठीच्या बाकाने की उत्तर द्यायला लावलेल्या वेळाने? भरताने आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार विभाग हाती दिले असताना आपण ‘हुबेहूब’ या एका विशेषणावर भागवतो.

यावर ठरलेला आक्षेप असा की, अभिनय क्षणभंगुर असल्याने त्याची समीक्षा होऊच शकत नाही. ध्वनिमुद्रणापूर्वीच्या रंगभूमीपुरता तो मान्य करता येईल. ‘शेजारी’ला तो लागू पडत नाही. चित्रपट आजही पाहता येतो, थांबवता येतो, मागे नेता येतो. क्षणभंगुरतेचे कारण आळसाला पांघरूण म्हणून वापरले गेले आहे.

दुसरे पांघरूण भक्तीचे आहे आणि ते अधिक घातक आहे. ‘संत तुकाराम’मधील (१९३६) विष्णुपंत पागनीसांविषयी ‘ते तुकारामच झाले’ असे म्हटले जाते. ही स्तुती नटाचे सारे श्रेय काढून घेते. पागनीस नाटक मंडळ्यांत स्त्रीभूमिका करीत आले होते. देह आवरून धरण्याची, गाता गाता समोरच्याला आपलेसे करण्याची ती तालीम त्यांच्या तुकोबांत किती मुरली आहे, हे तपासण्याजोगे होते. ‘झाले’ या क्रियापदाने तपासणीच संपवली.

जागीरदारांच्या ‘रामशास्त्री’चेही (१९४४) असेच झाले. राजा नेने, बेडेकर अशा हातांतून फिरत त्याचे दिग्दर्शन जागीरदारांकडे आले, ही हकीकत चवीने सांगितली जाते. नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सुनावणारा न्यायाधीश आवाजाच्या कोणत्या पट्टीत बोलतो, याची कुठे चर्चा नाही. हा नट आपल्या कलेविषयी मुका होता असेही नव्हे. ‘अभिनय कसा करावा’ हे पुस्तक त्यांनी लिहिले. प्रभातच्याच जागेत १९६० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या चित्रपट प्रशिक्षण संस्थेचे ते पहिले प्रमुख. तरीही मराठी साहित्यशास्त्राच्या अभ्यासपत्रिकेत स्तानिस्लाव्स्की येतो आणि जागीरदार येत नाहीत. (स्तानिस्लाव्स्की यावाच, पण त्याच्या शेजारी एक मराठी खुर्ची मांडायला काय हरकत होती?)

जागीरदारांना निदान एक ओळ तरी मिळाली. वऱ्हाडात गावोगाव दंडार करणाऱ्या, लुगडे नेसून रात्र जागवणाऱ्या माणसांना तीही नाही. त्यांची गाणी संकलित झाली, प्रबंधांच्या परिशिष्टांत छापली गेली. गाणाऱ्याच्या जागी ‘लोक’ असा शब्द पडला. नाव असलेला नट जंत्रीत गेला, नाव नसलेला लोकसाहित्यात. नाटकाच्या तासाला मात्र दोघेही गैरहजर. पदव्युत्तर वर्गात ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’तील बुद्धिबळाचे प्रसंग एकापाठोपाठ दाखवायला एक पडदा आणि दोन तास लागतात. तेवढी सोय आज तालुक्याच्या महाविद्यालयातही आहे.