ओळंबा कुणाच्या हातात?

माझा बाप गवंड्याच्या हाताखाली बिगारी होता. आई घमेली वाहायची. ओळंबा, गुण्या, थापी ही हत्यारं मी पाटी-पेन्सिलीच्या आधी पाहिली. बापानं जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती उभ्या केल्या, पण वास्तुशांतीच्या पंगतीला त्याला कुणी आत बोलावलं नाही. भिंत चालली. बांधणारा नाही चालला.

म्हणून परवा आपल्या बैठकीत फ्रीमेसन लोकांचा विषय निघाला तेव्हा माझं टाळकं सरकलं. एक पोरगा म्हणाला, हे लोक गुपचूप सगळं जग चालवतात, फोनवर व्हिडिओ आलाय. दुसरा आपलाच, शिकलेला, हुद्द्यावरचा. तो म्हणाला, मला तिथं बोलावणं आलंय. तिथं जात विचारत नाहीत, सगळे एकमेकांना भाऊ म्हणतात.

दोघांना जे बोललो तेच इथं लिहितो.

पहिल्याला माझं सांगणं एवढंच. दोस्ता, आपल्याला तुडवणारा लपून कधी बसला होता? तो चावडीवर बसला, देवळात बसला, पोथी उघडून बसला. त्याला गुप्त खुणा लागल्या नाहीत. त्यानं आपल्याच गळ्यात मडकं अडकवलं नि कमरेला झाडू बांधला. सगळं पाप कुठल्यातरी बंद खोलीतल्या मंडळींच्या नावावर टाकलं की गावातला सावकार मोकळा सुटतो. तो व्हिडिओ पुसून टाक.

दुसऱ्याचं प्रकरण अवघड. त्याला इतिहास सांगावा लागतो.

मेसन म्हंजे गवंडी, पाथरवट. इंग्लंड-स्कॉटलंडात दगड घडवणाऱ्या कारागिरांच्या जुन्या मंडळ्या होत्या. सतराव्या शतकात त्यांच्यात सरदार नि विद्वान शिरले. १७१७ साली लंडनच्या चार लॉज एकत्र येऊन ग्रँड लॉज झाली, असं त्यांचा इतिहास सांगतो. १७२३ साली जेम्स अँडरसन नावाच्या पाद्र्यानं त्यांची नियमावली छापली. हळूहळू खरा गवंडी बाहेर गेला. त्याची हत्यारं तेवढी आत राहिली.

त्या हत्यारांना त्यांनी अर्थ दिले. गुण्या म्हंजे सचोटीनं वाग. कंपास म्हंजे वासना आवर. पाणसळ म्हंजे सगळी माणसं एका पातळीवर. ओळंबा म्हंजे सरळ उभा राहा. नवखा माणूस हा अनघड दगड, त्यानं स्वतःला घडवत जायचं. शिकाऊ, कारागीर, उस्ताद अशा तीन पायऱ्या. तिसऱ्या पायरीला हिरम अबीफची कथा. सॉलोमनच्या देवळाचा हा मुख्य कारागीर, गुपित सांगितलं नाही म्हणून तिघा कामगारांनी त्याला ठार केलं. आणि कमरेला काय, तर कोकराच्या कातड्याचं पांढरं एप्रन. राजपुत्रही ते बांधून मिरवतात. आपल्याकडं कातड्याला हात लावणारा वेशीबाहेर, तिथं तेच कातडं मानाचं वस्त्र!

शिकवण वाईट आहे असं मी म्हणत नाही. शिकवण चांगलीच आहे. पण शिकवण वाचू नका, दार बघा. १७२३ च्या नियमावलीत लिहिलंय की सभासद जन्मानं स्वतंत्र पाहिजे. गुलाम नको. बाई नको. आत घ्यायचं की नाही ते पेटीत गोळी टाकून ठरायचं. पांढरी गोळी म्हंजे हो, काळी गोळी म्हंजे नाही. भिंतीवर समतेचं पाणसळ, पेटीत काळी गोळी.

आता बोस्टनला चला. प्रिन्स हॉल नावाचा एक काळा माणूस तिथं होता. धंदा कातडं कमावण्याचा. १७७७ साली त्यानं बोस्टनच्या तोफखान्याच्या पलटणीला ढोलांसाठी पाच कातडी पुरवली, त्याचं बिल सापडतं. हलगीवर कातडं चढवणाऱ्या घरातल्या पोरांनो, हे नीट वाचा. स्वातंत्र्याचे ढोल वाजत होते ते ह्याच्या हातच्या कातड्यावर, आणि त्याचीच माणसं बाजारात विकली जात होती.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत ब्रिटिश पलटणीतल्या एका आयरिश लॉजनं त्याला आणि त्याच्यासोबतच्या चौदा काळ्यांना आत घेतलं. पलटण गेली तेव्हा परवानगी काय उरली? सणाला मिरवणूक काढा, आपली मढी पुरा, पण नवा माणूस जोडू नका. मढं पुरायला मुभा, माणूस जोडायला बंदी! ही तऱ्हा आपल्या ओळखीची आहे. गोऱ्या अमेरिकन लॉजांनी त्यांना भाऊ मानलं नाही. त्यांनी थेट लंडनला अर्ज केला. १७८४ साली सनद मंजूर झाली, ती १७८७ ला हातात पडली. आफ्रिकन लॉज नंबर ४५९.

पण प्रिन्स हॉलचं मोठेपण सनदेत नाही. त्यानं समतेचं पाणसळ खोलीतून उचललं नि रस्त्यावर आणलं, तिथं आहे. १७७७ साली त्यानं आणखी काही काळ्यांसोबत गुलामी बंद करा म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाला अर्ज केला. १७८७ साली काळ्या पोरांना शाळा द्या म्हणून अर्ज केला. १७८८ साली तीन स्वतंत्र काळ्यांना फसवून जहाजावर चढवून पळवलं, तेव्हा तो पुन्हा उभा राहिला. त्याच साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध कायदा झाला नि ते तिघे परत आले. आपण पँथर हे नाव काळ्यांकडून घेतलं, १९६६ च्या ऑकलंडवरून १९७२ च्या मुंबईत. हा माणूस त्या पँथरचा आजा.

त्याच्या परंपरेतून पुढं थर्गुड मार्शल आला, १९५४ साली शाळांतला वर्णभेद कोर्टात हरवणारा वकील. मिसिसिपीत मेडगर एव्हर्सला १९६३ साली गोळी घातली, त्याची अंत्ययात्रा जॅक्सनच्या काळ्यांच्या मेसॉनिक सभागृहातून निघाली. त्याचं ऑफिसही त्याच इमारतीत होतं.

आणि गोरे भाऊ? अल्बर्ट पाइक हा त्यांचा मोठा पंडित, गुलामी राखायला लढलेल्या फौजेतला सेनापती. १८७५ साली त्यानं लिहिलं, काळ्यांना भाऊ म्हणायची पाळी आली तर मी मेसनपण सोडीन. ज्या ब्रिटिश ग्रँड लॉजनं १८४७ साली ‘जन्मानं स्वतंत्र’ खोडून ‘स्वतंत्र माणूस’ केलं, तिनंसुद्धा मॅसॅच्युसेट्सच्या काळ्यांच्या ग्रँड लॉजला मान्यता दिली १९९४ साली. अमेरिकेत पहिली गोरी ग्रँड लॉज नमली ती कनेक्टिकटची, १९८९ साली. दोनशे वर्षं! भावाला भाऊ म्हणायला दोनशे वर्षं.

मुंबईतही १८४३ साली जेम्स बर्न्स नावाच्या डॉक्टरनं ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज काढली, हिंदी माणसांसाठी. आत आले ते पारशी शेट नि मोठ्या घरचे मुसलमान. घमेलं वाहणारा आला नाही. त्याचं घमेलं आजही बाहेरच आहे.

म्हणून हुद्द्यावरच्या मित्रा, तुला जायचं तर जा. मी अडवत नाही. पण जाताना प्रिन्स हॉलसारखा जा, मागं वस्ती घेऊन. एकटा जाऊन एप्रन बांधून फोटो काढणार असशील तर तू भाऊ नाही झालास, पाहुणा झालास. आणि पाहुण्याला उठवता येतं.

आपली बंधुता बंद दाराची नाही. बाबासाहेबांनी १९५४ साली रेडिओवरून सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं मी माझा गुरू बुद्ध याच्याकडून घेतली. ती घटनेच्या पहिल्या पानावर उघडी छापलीत. तिथं खूण लागत नाही, गोळी टाकावी लागत नाही.

पण हात छातीवर ठेवून सांगा, आपल्या मंडळाच्या बैठकीत किती बाया बसतात? भाषण आपलं नि चहा तिचा, हेच ना? आपल्याच खालच्या म्हटल्या गेलेल्या जातीचा पोरगा अध्यक्ष होईल म्हटलं की कुणाच्या मुठीत काळी गोळी असते? निळा झेंडा भिंतीवर लावून मूठ झाकता येत नाही.

माझा बाप ओळंबा सोडायचा नि एक डोळा मिटून बघायचा. भिंत वाकडी असली की तो शिव्या देत बसायचा नाही. चार थर उतरवायचा, पुन्हा लावायचा.

आपले थर उतरवायला कोण येतंय?

जयभीम.