चौदा प्रश्न आणि एक नावाडी

नाटकात काम करायचे तर पाठांतर हवे, आवाज हवा आणि थोडा निर्लज्जपणाही हवा, असे आपण आजवर ऐकत आलो. आता त्यात आणखी एका गुणाची भर पडली आहे. अर्ज भरता आला पाहिजे!

मी नाट्यमंडळात प्रकाशयोजना पाहतो. दिवे लावणाऱ्याला कुणी प्रश्न विचारत नाही, त्यामुळे अर्जाच्या बाबतीत मी बाहेरचा माणूस. पण जुलै महिन्यात, युवा महोत्सवाच्या एकांकिकेसाठी निवड सुरू झाली आणि मोबाईलवर अर्ज फिरू लागला, तेव्हा ओसरीवर बसून तो भरणारे चेहरे मी जवळून पाहिले. एकांकिका खाडीवर तर चालवणाऱ्या एका म्हाताऱ्या नावाड्याची. पूल झाला, धंदा बसला, तरी हा माणूस रोज होडी सोडतो. अर्जात प्रश्न चौदा. तुम्हाला हीच भूमिका का हवी? पात्राच्या बालपणाविषयी दोनशे शब्द लिहा. पात्राला कशाची भीती वाटते व का? त्याच्या खिशात काय आहे? ‘पूर्वानुभव’ असाही एक रकाना होता, आणि शेवटी पात्राचे स्वगत, तेही आपल्याच शब्दांत. एका मित्राने मला विचारले, “ही निवड नाटकासाठी आहे की तलाठ्याच्या जागेसाठी?”

विनोद सोडून देऊ. हे प्रश्न कुणाच्या लहरीतून आलेले नाहीत. त्यांचे कुळ मोठे आहे. मी कोण, कुठे आहे, कोणत्या वेळी आहे, मला काय हवे आहे, हे नटाने स्वतःला विचारावे असे रशियन नाट्यशिक्षक स्तानिस्लावस्की सांगत आले. त्यांचे या विषयावरचे पहिले पुस्तक इंग्रजीत १९३६ साली निघाले, आणि के. नारायण काळे यांनी ते ‘अभिनय साधना’ या नावाने मराठीत आणले. आपल्याकडच्या नाट्यशिबिरांतून आज जे प्रश्न विचारले जातात त्यांचा उगम बहुतांशी तिथला आहे. पण त्या पुस्तकाची सुरुवात मात्र आमच्या अर्जवाल्यांनी विसरू नये. तिथे गुरू विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगतो की आपल्या आवडीचा प्रवेश निवडा आणि रंगमंचावर करून दाखवा. कोस्त्या नावाचा विद्यार्थी ऑथेल्लो निवडतो आणि घरी तालीम करताना चॉकलेटच्या केकमध्ये लोणी कालवून तोंडाला फासतो. प्रयोगात त्याची त्रेधा उडते. प्रश्न येतात ते त्यानंतर, आणि मग ते त्याला हवेसे वाटतात. आधी सोंग, मग सवाल. आम्ही हा क्रम उलटा केला आहे.

रशियापर्यंत जाण्याचीही गरज नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा पदे त्यांची होती, पण पात्रांची भाषणे लिहून दिलेली नव्हती. सूत्रधाराने पद म्हणावे आणि पात्राने त्याच्या अनुरोधाने पदरचे बोलावे, अशी रीत होती. आणि आपला दशावतार तर आजही तसाच उभा राहतो. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा झाला, तोवर दशावताराचा तो मुलूख आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होता. हातात संहिता नाही. प्रयोगाआधी रंगपटात कथानक थोडक्यात ठरते आणि नट पेटाऱ्यातले कपडे चढवून बाहेर पडतो. त्याला प्रश्न नसतात असे मात्र नाही. भर रंगात समोरचे पात्र विचारते, तू कोण, कुणाच्या कुळातला, माझ्या राज्यात कशाला आलास? राजा झालेल्या नटाने तिथल्या तिथे उत्तर द्यायचे असते, पुराणाला धरून आणि समोरच्याला पुढचे वाक्य सुचेल असे. चौदा प्रश्नांचा अर्ज याहून अवघड नाही. फरक एवढाच की दशावतारातले प्रश्न भूमिकेत शिरलेल्या माणसाला विचारले जातात, आणि आमचे प्रश्न दाराबाहेर ताटकळत उभ्या असलेल्याला.

या दाराबाहेर कोण राहतो, ते सांगतो. लांजा तालुक्यातला एक मुलगा यंदा प्रथम वर्षाला आला. संध्याकाळची एस.टी. चुकली तर मुक्कामाला जागा नाही, म्हणून त्याने अर्ज स्टँडवरच भरला. ‘पूर्वानुभव’ या रकान्यात त्याने ‘नाही’ असे लिहिले. बालपणाचा प्रश्न रिकामा सोडला, स्वगताच्या जागी दोन ओळी लिहिल्या. अर्थातच त्याला बोलावणे आले नाही. पुढे एकदा गाडीची वाट पाहताना गप्पा निघाल्या तेव्हा कळले, की हा सातवीपासून वाडीच्या नमनात मावशी करतो. शिमग्यात गावोगाव फिरतो, रात्रभर उभा राहतो, गवळणीत कृष्णाची वाट अडवून लोकांना हसवतो आणि मृदंग चुकला तर बोलून वेळ सावरून नेतो. मी म्हटले, “अरे, मग अनुभव नाही असे का लिहिलेस?” तो म्हणाला, “तां नमान. ह्यां नाटक.” हे उत्तर मला अजून टोचते. ज्या जिल्ह्यात नमन-खेळे अजून जिवंत आहेत, तिथल्या मुलाला आपले सोंग अनुभवात धरता येते हे ठाऊक नाही, आणि अर्जानेही ते त्याला सांगितले नाही.

आता दुसरी बाजू. अर्ज रद्द करा असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. उमेदवार पुष्कळ, जागा थोड्या. नुसती चाचणी ठेवली की ज्याची छाती मोठी त्याचा आवाज मोठा, आणि ज्याचा आवाज मोठा त्याला भूमिका, असे वर्षानुवर्षे चालत आले. मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलींना या आरडाओरड्यात कोण विचारतो? यंदा नावाड्याच्या सुनेची भूमिका जिला मिळाली ती वर्गात तोंड उघडत नाही. पण खिशाच्या प्रश्नाला तिने लिहिले होते, की त्याला खिसाच नाही; कडोसरीला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली काडेपेटी आहे, कारण होडीत पाणी उडते. दिग्दर्शकाने ते वाक्य तालमीत सर्वांना वाचून दाखवले. पिशवी सोडून विडी पेटवणारा नावाडी पहिल्याच प्रवेशात आला, आणि त्या काडीच्या उजेडासाठी मला एक दिवा कमी करावा लागला. हे अर्जामुळेच घडले, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

तेव्हा अर्ज राहणार, असे धरून चालू. भरणाऱ्याने काय करावे? माझे मत असे की निबंध लिहू नये. ‘नावाड्याचे बालपण अत्यंत हलाखीत गेले’ असे वाक्य यंदा पाच-सहा अर्जांत जवळजवळ शब्दशः होते, असे ते वाचणाऱ्याने मला सांगितले. मोबाईललाच उत्तर विचारले की मोबाईल सगळ्यांना सारखीच हलाखी देतो. त्यापेक्षा भाट्याच्या खाडीकाठी संध्याकाळी अर्धा तास बसावे. होडी ओढणाऱ्याचा हात कुठे सोलवटतो, बोलताना तो माणसाकडे पाहतो की पाण्याकडे, एवढे पाहिले तरी तीन प्रश्नांची उत्तरे मिळतात. दुसरे असे की उत्तर आधी मोठ्याने बोलावे आणि मग लिहावे. आमच्यापैकी बहुतेकांची जीभ लेखणीपेक्षा पुढे आहे. घरी ज्या बोलीत बोलता त्या बोलीत लिहिले तरी चालेल. नावाडी काही पुण्याचा नाही. आणि संहितेत जे नाही ते माहीत असल्याचा आव आणू नये. ‘बालपणाविषयी संहिता काही सांगत नाही, पण तो लहान मुलांकडून पैसे घेत नाही यावरून मला असे वाटते’ हे एक वाक्य दोनशे पोकळ शब्दांना भारी आहे.

इंटरनेटवर म्हणे अशी मंडळे आहेत, जिथे माणसे एकमेकांना ओळखतही नाहीत आणि लिहून लिहून भूमिका करतात. कुणी राजा होतो, कुणी चेटकीण. तिथेही प्रवेशाला लांबलचक अर्ज असतो आणि तो पाहूनच पुष्कळ जण माघारी फिरतात. तिथले नाटकच लेखी, तेव्हा लेखी परीक्षा समजू शकते. आमचे नाटक मात्र उभ्याने करायचे आहे.

विचारणाऱ्यांकडे माझे मागणे फार नाही. प्रवेशाला तीन प्रश्न पुरेत. उरलेले अकरा तालमीसाठी ठेवावेत, तिथे त्यांचे सोने होईल. ज्याला लिहायचे नसेल त्याला तीच उत्तरे समोर उभे राहून तोंडी देऊ द्यावीत, आणि तीही शेवटची गाडी सुटण्याआधी. ‘पूर्वानुभव’ हा शब्द तेवढा काढून टाकावा. त्या जागी साध्या मराठीत विचारावे: शिमग्यात, गणपतीत, देवळात, वाडीत कुठे सोंग घेतले आहे का? कोणते?